काळ्या ढगांतलं बाळंतपण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमाराला गच्चीवर गेलात, तर डोक्यावर कृत्तिकांचा लहानसा झुबका दिसतो. त्याच्या मागोमाग तांबूस रंगाची रोहिणी येते. अरबी भाषेत रोहिणीला ‘दबरान’ म्हणतात. दबरान म्हणजे मागून येणारा. कुणाच्या मागून? तर सुरैयाच्या. सुरैया म्हणजे कृत्तिका. आमच्या नात्यागोत्यात एक तरी सुरैया असतेच आणि शेजारच्या घरात एखादी रोहिणी किंवा कृत्तिका असते. आकाश एकच, बारशाची नावं तेवढी वेगळी.

पण एक गोष्ट बघा. माणसानं नावं दिली ती चमकणाऱ्यांना. त्यांच्यामधल्या काळ्या जागेला क्वचितच कुणी नाव ठेवलं. कृत्तिका, रोहिणी आणि उत्तरेकडचा ठळक ब्रह्महृदय या तिघांच्या मधल्या भागात अशा काळ्या जागा आहेत. मोठ्या दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात तिथं काजळाचे फराटे ओढल्यासारखं दिसतं. तिथं तारेच नाहीत असं वाटतं. प्रत्यक्षात आज या घडीला तिथं तारे जन्माला येत आहेत. आज मला त्या काळ्या जागेबद्दल आणि तिथली बातमी आपल्यापर्यंत कशी पोचली त्याबद्दल बोलायचं आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. आम्हा कवी मंडळींनी अंधार हा शब्द फार वापरलेला आहे. दुःख आलं की अंधार, शेवट आला की अंधार. म्हणून अंधाराबद्दल विज्ञान काय म्हणतं, ते समजून घ्यावंसं वाटलं.

शास्त्रज्ञांनाही हा अंधार लवकर उमगला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला विल्यम हर्शेल या थोर निरीक्षकाला आकाशातल्या अशा काळ्या जागा म्हणजे भोकं वाटली. तारे नसलेली मोकळी जागा, असा त्याचा अर्थ होता. पुढे अमेरिकेत एडवर्ड बर्नार्ड यांनी वर्षानुवर्षं आकाशाची छायाचित्रं घेतली आणि १९१९ साली १८२ काळ्या जागांची यादी प्रसिद्ध केली. हळूहळू पटत गेलं, की ही भोकं नाहीत. इथं काहीतरी आडवं आलेलं आहे. तारे आहेत, पण पलीकडे आहेत आणि मधे पडदा आहे. १९४७ साली बार्ट बॉक यांनी सुचवलं, की लहान, गोलसर, काळेकुट्ट असे जे ढग दिसतात, ती ताऱ्यांची जन्मस्थानं असावीत. पण पडद्याआड डोकावणार कसं?

आधी हा पडदा कशाचा आहे ते पाहू. तो वायू आणि धुळीचा ढग आहे. वजनाच्या हिशेबात शंभर भाग वायू असेल तर धूळ जेमतेम एक भाग. वायूत बहुतेक सगळा हायड्रोजन. ढग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आषाढातला भरलेला ढग येतो. हा तसा नाही. हा कमालीचा विरळ आहे. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. या ढगाच्या दाट गाभ्यात तेवढ्याच जागेत दहा हजार ते एक लाख रेणू असतात. प्रयोगशाळेत नेहमी तयार करतात त्या निर्वात पोकळीतसुद्धा यापेक्षा जास्त गर्दी असते. मग तो काळा का दिसतो? कारण त्याची जाडी लाखो कोटी किलोमीटर आहे. एक पातळ मलमल पलीकडचं दाखवते, पण हजार घड्या घातल्या की काही दिसत नाही. तसंच हे आहे. थंडीही अशी, की तापमान शून्याखाली २६०च्या घरात. निरपेक्ष शून्यापेक्षा फक्त दहाएक अंश जास्त.

आता प्रकाश या धुळीत का अडतो आणि रेडिओ लहर का अडत नाही? पावसाळ्यात घाटातून रात्री प्रवास केला असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. धुकं उतरलेलं असतं. ट्रकचे दिवे दहा हातांच्या पुढे पोचत नाहीत. पण ड्रायव्हरनं लावलेलं रेडिओवरचं गाणं त्या धुक्यामुळे अडत नाही. प्रकाश आणि रेडिओ लहर ही सख्खी भावंडं आहेत, दोन्ही एकाच वेगानं धावतात. फरक आहे तो लांबीचा. प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी आहे. आकाशातल्या धुळीचा कण साधारण त्याच मापाचा, म्हणून प्रकाश त्याला ठेचकाळतो. रेडिओ लहर मिलिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत लांब असते. एफ.एम. केंद्राची लहर सुमारे तीन मीटरची. तिच्यापुढे तो कण असून नसल्यासारखा. ती सरळ निघून येते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे. तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकता आहात, कारण तुमच्या घरातला संच त्या लहरीचं आवाजात रूपांतर करतो. खगोलशास्त्रज्ञ कानाला काही लावून बसत नाहीत. ते लहरीचा जोर मोजतात, तिची लांबी मोजतात आणि त्यावरून चित्र किंवा आलेख तयार करतात. ऐकणं म्हणा, पाहणं म्हणा, ते मोजणंच आहे.

आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कळलं तेही एका खरखरीच्या तक्रारीतून. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की हा तरुण इंजिनियर नोकरीला होता. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे शोधण्याचं काम त्याच्याकडे होतं. वादळांची खरखर सापडली. पण एक बारीक सूं सूं उरली. ती रोज येई आणि दिवसागणिक चार मिनिटं लवकर येई. तारेही रोज चार मिनिटं लवकर उगवतात. म्हणजे हा आवाज पृथ्वीवरचा नव्हता, सूर्याचाही नव्हता, तो आकाशगंगेचा होता. १९३३ साली त्यानं हे जाहीर केलं. आज आकाशातल्या रेडिओ लहरींचा जोर मोजायच्या एककाला ‘जान्स्की’ असंच नाव आहे.

तरीही काळ्या ढगांच्या पोटात शिरायला आणखी जवळजवळ चार दशकं लागली. अडचण अशी होती, की ढगात भरून राहिलेला हायड्रोजन तिथं जोडीनं राहतो, रेणूच्या रूपात. आणि एवढ्या थंडीत हा रेणू मुका असतो. त्याच्याकडून रेडिओ लहर निघत नाही. गावातला मुख्य माणूसच बोलत नसेल तर काय करायचं? शेजाऱ्याला विचारायचं. तो शेजारी १९७० साली सापडला. रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झिआस या तिघांना मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडून कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटर लांबीची लहर मिळाली. हो, तोच वायू, जो बंद खोलीत शेगडी ठेवली तर माणसाचा जीव घेतो. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे याचा एखादाच रेणू असतो. पण हायड्रोजनचे धक्के खाऊन तो स्वतःभोवती फिरू लागतो आणि फिरणं मंदावताना लहर सोडतो. तो जिथं बोलतो, तिथं हायड्रोजन आहे असं समजायचं.

त्याच्याआधी १९६८ साली अवकाशात अमोनिया सापडला होता. नवसागराचा उग्र वास ज्याच्यामुळे येतो, तोच हा. अमोनियाच्या लहरी वेगवेगळ्या लांबीच्या असतात. त्यांच्या जोराची तुलना केली की ढगाच्या गाभ्याचं तापमान कळतं. म्हणजे आजाऱ्याच्या खोलीत न जाता त्याचा ताप मोजता येतो. आणि तिसरी खूण वेगाची. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा वाटतो आणि लांब जाताना उतरतो. लहरींचंही तसंच होतं. वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, किती वेगानं, हे लहरीच्या बदललेल्या लांबीवरून सांगता येतं.

या तीन खुणांच्या आधारानं बाळंतपणाची हकिगत जुळवली गेली. ढगाचा एखादा भाग थोडा दाट होतो. त्याचं स्वतःचं वजन त्यालाच आत ओढू लागतं. सुरुवातीला त्याचा पसारा दोन-तीन लाख कोटी किलोमीटर. शेवटी होणारा तारा आपल्या सूर्याएवढा धरला तर त्याचा व्यास १४ लाख किलोमीटर. एवढं आकसताना गाभा तापत जातो. ढगाला मुळात थोडी गिरकी असते. आकसताना ती वाढते, जशी फुगडी घालताना हात जवळ घेतले की गती वाढते. त्यामुळे सगळा वायू सरळ मध्यात पडत नाही, भोवती एक चपटी तबकडी तयार होते. बाळ तारा या तबकडीतून खात राहतो.

आणि खाता खाता तो बाहेरही टाकतो. हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९८० साली रोहिणीच्या अगदी जवळच्या भागात, ‘एल १५५१’ नावाच्या काळ्या ढगात, रोनाल्ड स्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कार्बन मोनॉक्साइडच्या लहरींत दोन मोठे झोत दिसले. एक आपल्याकडे येणारा, दुसरा नेमका उलट्या बाजूला जाणारा. मधे धुळीत लपलेला बाळ तारा. सगळं आत कोसळत असावं असं मानून माणसं पाहत होती आणि तारा दोन्ही हातांनी वायू बाहेर फेकत होता. आज समजतं, की हे फेकणं त्याच्या वाढीचाच भाग आहे. गिरकीचा जोर कुठंतरी बाहेर टाकल्याशिवाय आतलं द्रव्य मध्यापर्यंत पोचूच शकत नाही.

याहून लहान वयाची बाळंही सापडली. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका ढगात अमेरिकेच्या ‘व्हीएलए’ या दुर्बिणीला एक रेडिओ ठिपका मिळाला. साध्या प्रकाशात तिथं काहीही नव्हतं. अशा ताऱ्यांभोवतीच्या आवरणातला वायू खुद्द ताऱ्यापेक्षा वजनानं जास्त असतो. म्हणजे बाळापेक्षा दुपटं मोठं. १९९३ साली फिलिप आंद्रे आणि सहकाऱ्यांनी या वयाला ‘शून्य वर्ग’ असं नाव दिलं.

तुम्ही विचाराल, की तारा घडायला लाखो वर्षं लागतात, मग हा क्रम कुणी पाहिला? कुणीच नाही. पण एखाद्या गावच्या उरुसात किंवा जत्रेत तासभर फिरा. कडेवरची तान्ही मुलं दिसतील, फुग्यासाठी रडणारी पोरं दिसतील, नवी जोडपी, काठी टेकणारे म्हातारे दिसतील. एकाही माणसाला तुम्ही वाढताना पाहिलेलं नसतं, तरी माणसाचं आयुष्य कसं जातं हे त्या एका तासात कळतं. शास्त्रज्ञांनी काळ्या ढगांच्या जत्रेत हेच केलं.

या सगळ्यात मला स्वतःला थक्क करून गेलं ते २०१४ सालचं एक चित्र. चिली देशात अटाकामाच्या वाळवंटात, समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटर उंचीवर ‘अल्मा’ ही दुर्बीण आहे. दुर्बीण म्हणजे ६६ तबकड्यांचा ताफा. मिलिमीटरच्या लहरी हवेतली वाफ पिऊन टाकते, म्हणून इतक्या उंच आणि कोरड्या जागी ती उभारली. तबकड्या एकमेकींपासून १६ किलोमीटरपर्यंत लांब नेता येतात. जितक्या लांब, तितकं चित्र बारकाईचं, जणू तेवढ्या रुंदीची एकच दुर्बीण. या दुर्बिणीनं रोहिणीजवळच्या ‘एचएल टाउरी’ या ताऱ्याकडे पाहिलं. तो आपल्यापासून सुमारे ४५० प्रकाशवर्षं दूर आहे. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे हा तिच्या बऱ्याच मागे. वय दहा लाख वर्षांपेक्षा कमी. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे, त्या हिशेबात हा अजून पाळण्यात आहे.

चित्रात काय दिसलं? तांब्याच्या ताटावर कुणी एकात एक कडी कोरावीत, तशी धुळीची तबकडी. उजळ कडं, मग काळी फट, पुन्हा उजळ कडं. या काळ्या फटी घडणाऱ्या ग्रहांनी द्रव्य गोळा करून मोकळ्या केल्या असाव्यात, असा अंदाज आहे. इतक्या लहान वयाच्या ताऱ्याभोवती ग्रहांचं काम सुरू झालं असेल, असं तोवर बहुतेकांना वाटलं नव्हतं. अशी फट ग्रहामुळे पडू शकते याचा दाखला २०१८ साली ‘पीडीएस ७०’ या दुसऱ्या ताऱ्याभोवती मिळाला. तिथल्या फटीत ग्रहच दिसला. आणि २०२४ साली अल्माच्याच निरीक्षणांतून कळलं, की एचएल टाउरीच्या तबकडीच्या आतल्या भागात पाण्याची वाफ आहे, पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या किमान तिप्पट.

मित्रहो, इथं मी जरा थांबलो. आपल्या सूर्याचा जन्म पाहणारं कुणी नव्हतं. तो ज्या ढगातून आला, तो ढग केव्हाच विरून गेला. आपली जन्मकथा सांगणारी सुईण उरलेली नाही. ती कथा समजायची असेल तर दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणं पाहण्यावाचून उपाय नाही. एचएल टाउरीच्या तबकडीत आपल्याला आपली पृथ्वी, आपला समुद्र, आपण स्वतः घडण्याआधी कसे असू, त्याची कल्पना येते. कोकणातल्या किनाऱ्यावर उभं राहून पाहतो ते पाणी कधीकाळी अशाच अंधारात, धुळीला चिकटून होतं.

या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथं जीएमआरटी ही दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही एका जागी आणि बाकीच्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पत्र्याऐवजी तारांच्या जाळीच्या तबकड्या केल्या, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आवाक्यात राहिले. अल्मा मिलिमीटरच्या लहरी पकडते, तर खोडदची दुर्बीण साधारण वीतभर लांबीपासून दोन मीटरपर्यंतच्या.

एवढ्या लांब लहरींत बाळ तारे क्वचितच कुणी पाहिले होते. पण रेचल एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीनं वृषभ राशीतल्या ‘डीजी टाउरी’ या ताऱ्याची निरीक्षणं केली. २०१४ साली त्यांनी लिहिलं, की या ताऱ्यातून निघालेला झोत समोरच्या वायूवर जिथं आदळतो, तिथून येणाऱ्या लहरी नुसत्या उष्णतेच्या नाहीत. तिथं इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालत असल्याची चिन्हं आहेत. सूर्याएवढ्या साध्या ताऱ्याच्या बाळपणी एवढी रग असेल, असं वाटलं नव्हतं. पुढे २०१६ साली त्याच ‘एल १५५१’ मधल्या ताऱ्याच्या आणि आणखी एका प्रसिद्ध बाळ ताऱ्याच्या, ‘टी टाउरी’च्या, लहरीही खोडदला पकडल्या गेल्या.

आता या लहरी किती क्षीण असतात ते ऐका. चंद्रावर एखादा मोबाइल फोन चालू करून ठेवला, तर त्याची लहर इथं पृथ्वीवर या बाळ ताऱ्यांच्या लहरीपेक्षा कितीतरी हजारपट जोरकस लागेल. मग दुर्बिणीच्या शेजारच्या शेतात वाजणाऱ्या मोबाइलचं काय? म्हणून खोडदच्या परिसरात रेडिओ शांतता जपावी लागते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग या भागातून आखला गेला, तेव्हा दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि मार्गाचा फेरविचार करावा लागला. नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला आणि जुन्नरच्या विद्यार्थ्याला रेल्वे हवी आहे. त्यांची मागणी रास्त आहे, तिला विज्ञानाच्या नावानं वाटेला लावणं बरोबर नाही. त्याचबरोबर ही शांतता एकदा गेली की पुन्हा विकत आणता येणार नाही, हेही खरं आहे. रेल्वेला दुसरा मार्ग काढता येतो. आकाशातून येणाऱ्या लहरीला दुसरी वाट नाही. ज्या गावांनी इतकी वर्षं ही शांतता सांभाळली, त्यांना रेल्वे देताना उशीर होऊ नये आणि ती देताना दुर्बीणही शाबूत राहावी, एवढंच माझ्यासारख्या नागरिकाचं म्हणणं आहे.

२८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमाराला खोडदची दुर्बीण लोकांना पाहण्यासाठी खुली करतात. शाळेची मुलं एसटी भरभरून येतात. आपल्या घरातल्या मुलांनाही एकदा घेऊन जा. त्या प्रचंड जाळीदार तबकडीखाली उभं करा आणि सांगा, की ही जी आकाशाकडे तोंड करून उभी आहे ना, ती काळोखातून येणारी लहर टिपते. आणि हो, दारात शिरण्याआधी खिशातला मोबाइल बंद करायला विसरू नका.